न मारलेली हाक

जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, नवी ज्वारी उतरायला लागली की माझ्या मानेला खाज सुटते. पोतं मी आता उचलत नाही. पाठ गेली तेव्हापासून मापाडी झालो, काट्यापाशी लोखंडी स्टूल टाकून बसतो. तरी खाज सुटतेच. ट्रकचा फाळका पडतो, पहिलं पोतं खाली येतं, कोंड्याचा लोट उठतो आणि कॉलरच्या आत चुरचुरायला लागतं. बायको म्हणते, घरी आल्या आल्या आंघोळ करत जा. करतो. आंघोळीनं कोंडा जातो, लाज जात नाही. सुगी आली की मला लाज वाटायला लागते, आणि ती कशाची हे दरवर्षी नव्यानं शोधावं लागतं.

काल आमच्या हमालांच्या युनियनची बैठक होती. जुने सगळे आलो होतो, म्हणजे पाठ गेलेले आणि गुडघे गेलेले. जे रोज पोती वाहतात त्या नव्या गड्यांपैकी एकही नव्हता. सकाळच्या गाडीनं बदनापूरकडून येतात, संध्याकाळच्या गाडीनं जातात. मी दिवसभर काट्यावरून हाका मारून सांगत होतो की या रे बाबांनो, तुमच्याचसाठी आहे, वाराईचा, पोती चढवाउतरवायच्या मजुरीचा, प्रश्न आहे, उद्या पोत्याखाली पाय सापडला तर विचारणार कोण? "येतो की काका" म्हणायचे आणि कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसायचे. बैठक झाल्यावर मी तिथं जाऊन त्यांना नाही नाही ते बोललो. तुम्हाला कुणी तुडवलं तरी तुम्ही हूं की चूं करणार नाही, असंही बोललो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. घरी येईपर्यंत माझा राग टिकला. मग त्यांच्या त्या खाली घातलेल्या माना आठवल्या. आमच्या घाटावर सगळ्यांच्या माना तशाच असायच्या, माझीसुद्धा.

आमचा घाट वडीगोद्रीहून आत, गोदावरीवर. अलीकडं आपला जालना, पलीकडं बीड. आता तिथं पूल झाला आहे, आणि एसटी त्याच्यावरून अशी भरधाव जाते की खाली नदी आहे हे निम्म्या प्रवाशांच्या ध्यानातही येत नाही. ऐंशीच्या दशकात तिथं नाव चालायची. पलीकडच्या गावांना बाजार इकडचा, दवाखाना इकडचा, ऊसतोडीला अंकुशनगरकडं जायचं तर वाट इकडूनच. बायका तवा-परात घेऊन बसायच्या, बैलं नावेच्या कडेनं पोहत यायची. नावेला फासलेलं डांबर उन्हात पाघळायचं, लुगड्यांना डाग पडायचे आणि शिव्या आम्हाला बसायच्या. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास पाण्यावरून यायचा. तो वास मला अजून कुठंही ओळखता येतो.

आणि हाक असायची. पलीकडच्या काठावर कुणी आलं की तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडायचं, "ओऽऽ नावऽऽ". हाक आल्याशिवाय नाव सोडायची नाही, हा घाटाचा रिवाजच होता. तलाठी असो, वरात असो, डोक्यावर गाठोडं घेतलेली म्हातारी असो, हाक मारावी लागायची. मोठमोठी माणसं काठावर उभी राहून गळा ताणायची आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटायचा नाही.

मी दहावीला आपटलो तेव्हा आईनं मला तिच्या भावाकडं, आसरुबामामाकडं, धाडून दिलं. काठावरचा सगळ्यांत जुना नावाडी तो. अंगानं काटक, कानात बाळी, आणि बोलणं इतकं कमी की नवख्या माणसाला तो मुका वाटावा. सोनामामी मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. मामानं मला वल्हं मारायला शिकवलं, बांबू कुठं रुततो ते शिकवलं आणि पहिल्याच सुगीला खळ्यावर उभं राहायला शिकवलं.

हे खळ्यावर उभं राहणं सांगायला पाहिजे. काठच्या गावांकडून नावाडी भाडं घेत नसत. भाडं परक्यानं द्यायचं. गावकऱ्यानं त्याच्या बदल्यात सुगीला ज्वारीचा वाटा द्यायचा. पण तो वाटा मागायचा नाही. खळ्याच्या कडेला जायचं, उपरणं मागं अंथरायचं आणि राशीकडं पाठ करून उभं राहायचं. मालकाच्या मनात येईल तेव्हा सुपानं ज्वारी उपरण्यात पडायची. तिचा सळसळाट मागून ऐकू यायचा, तो थांबला की न मोजता गाठ मारायची आणि निघायचं. कमी की जास्त ते घरी जाऊन बघायचं. तोवर उपणणी चाललेली असायची, आणि वाऱ्यावरचा सगळा कोंडा आमच्या पाठमोऱ्या मानेवर येऊन बसायचा. खाजवायची सोय नव्हती, कारण हात हलवला तर घाई केल्यासारखं दिसायचं. मी एकदा मामाला विचारलं की आपलंच आहे तर सरळ मागत का नाही. तो म्हणाला, "भिकारी मागतो. आपुन मागत न्हाई."

मामाच्या पिढीला हे पेललं, कारण घाट तेव्हा त्यांचाच होता. पुढं घाटांचा लिलाव व्हायला लागला. दर वर्षी सुगीच्या सुमारास अंबडच्या कचेरीत बोली लागायची आणि एकच गुत्तेदार आसपासचे सगळे घाट घ्यायचा. मग नावही त्याची आणि आम्हीही त्याचे. तो नाव इतकी भरायला लावायचा की पाणी काठाशी टेकायचं. नावेला भेग पडली की चिंध्या कोंबा म्हणायचा. आणि एके वर्षी त्यानं सांगून टाकलं की पुढच्या सालापासून इंजिनाची नाव आणणार, तिच्यावर त्याची माणसं, तुम्ही दुसरं काही बघा. दुसरं काय बघायचं? आम्हाला नदीशिवाय काही येत नव्हतं.

मामाच्या नावेतून साळवेभाऊ रोज कामाला जायचे. ते पलीकडच्या गावचे, कारखान्यात फिटर, तिथल्या युनियनचे कार्यकर्ते. चढताना "जय भीम, मामा" म्हणायचे आणि मामा नुसता हात वर करायचा. इंजिनाची गोष्ट कानावर गेली तेव्हा त्यांनी नावेतच सांगितलं की नावाड्यांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि घाट मागितला, तर आधी त्यांचा विचार करायचा असतो. तसा नियम आहे. पण तो नियम कुणी तुमच्या घरी येऊन सांगणार नाही, तुम्ही जाऊन मागायला पाहिजे. मला ते इतकं पटलं की मी दुसऱ्या दिवसापासून घाट न् घाट पायी हिंडायला लागलो. काठाच्या वाळूतून, बाभळीच्या काट्यांतून जायचो, नावाड्यांशेजारी बसायचो, बिड्या वाटायचो आणि साळवेभाऊंचं बोलणं त्यांच्यासारख्याच आवाजात ऐकवायचो. सगळीकडं एकच उत्तर मिळायचं, आसरुबा आला तर आम्ही आलो. आणि आसरुबा काही बोलायला तयार नव्हता.

एकदा तो आला, तेही तोंडदेखलं. आम्ही सगळे मिळून घाट मागायला अंबडच्या कचेरीत गेल्तो. धुतलेली धोतरं, तेल लावलेले केस. साळवेभाऊंना त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. साहेबांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं, आणि कामात डोकं घातलेलं असतानाच विचारलं, काय काम काढलं? आम्ही कुणीच बोललो नाही. खरं सांगतो, आमच्यातले दोघं तर चक्क साहेबांकडं पाठ करून उभे होते. खळ्यावरची सवय. साहेबांच्या मनात येईल तेव्हा देतील, असंच आम्हा सगळ्यांना आतून वाटत होतं. घाटाघाटावर भाषणं ठोकणारा मीही त्यांच्यातच, छपराकडं बघत उभा. बऱ्याच वेळानं साहेबांनी पुन्हा विचारलं तेव्हा मामा म्हणाला, काही नाही, आलो होतो आपलं सहज. साहेबांनी शिपायाला सांगून आम्हाला चहा पाजला आणि आम्ही चहा पिऊन परत आलो.

त्या चहाची मला आजही शरम वाटते. गोड होता, आम्ही सगळे बशीत ओतून प्यालो आणि वाटेत चांगला होता असंही एकमेकांना म्हणालो. घरी सोनामामी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "समद्यांच्या तोंडात काय गोदावरी भरली व्हती का?" आम्ही खाली बघून जेवलो.

लिलावाचा दिवस जवळ आला. काठावर ज्वारी काढून झाली होती, कणसं खळ्यांवर येऊन पडली होती, मळणीला बैलांची पात फिरायला लागली होती. एका संध्याकाळी साळवेभाऊ कारखान्यातून परतताना मुद्दाम थांबले. दुसऱ्या घाटांवरचे लोकही आले होते. साळवेभाऊ तळमळून बोलत होते. ते म्हणत होते की मामा, तुम्ही येऊन एक वाक्य बोला, बाकीचं मी बघतो. तुम्ही नाही बोललात तर हे सगळे उद्यापासून ऊसतोडीला जातील आणि घाटाला इंजिन लागेल. मामा वाळूवर रेघा ओढत बसला होता. शेवटी म्हणाला की मरेपर्यंत कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही, आता वेंगाडायचं का. आपण हक्काचं बोलतो आहोत आणि या माणसाच्या इज्जतीला हात घालतो आहोत, हे साळवेभाऊंना तेव्हाच कळलं असावं. मलाही तेव्हाच कळलं.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. आबारावांची. आबाराव म्हणजे काठावरचे सगळ्यांत मोठे शेतकरी, त्यांच्या खळ्यावर ज्वारीची रास घराएवढी व्हायची. मामा उठला, नाव घेऊन गेला, त्यांना घेऊन आला. ते उतरले, धोतराचा सोगा सावरत आमच्या घोळक्याकडं न बघता वर निघून गेले. मामा परत येऊन बसला आणि मग मामी बोलली. ती इतका वेळ घागर घेऊन मागंच उभी होती. "आत्ता आबारावानं केवढ्यानं बोंबलून नाव मागितली. काय कमी झालं त्यांचं? ते मागत्यात तवा तुमी जाता. आता तुमी मागा." मामानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग वाळूतल्या रेघा त्यानं हातानं पुसल्या आणि साळवेभाऊंना विचारलं की किती वाजता निघायचं.

मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे की आम्हाला मागायची एवढी लाज कुणी लावली. ज्याच्याकडं रास होती त्याला मागताना लाज नव्हती. नाव मागताना नव्हती, वेठ मागताना नव्हती, मतं मागताना तर मुळीच नव्हती. लाज सगळी आमच्या वाटणीला आली होती, आणि ती आम्ही इमानदारीनं जपत होतो, इज्जत समजून. मामाचा कमीपणा काढायला मी हे लिहीत नाही. राशीकडं पाठ करून उभं राहण्यात एक ताठा होताच. पण त्या ताठ्याचा फायदा मागं सूप धरून उभ्या असलेल्या माणसाला व्हायचा, आम्हाला नाही.

लिलावाच्या दिवशी कचेरीत गर्दी होती. आम्ही भिंतीला टेकून मागं उभे होतो. पुढं गुत्तेदार आणि त्याची माणसं, पान खाऊन बसलेली. कारकुनानं घाटांची नावं वाचली आणि साहेबांनी विचारलं की कुणाला काही सांगायचं आहे का. मी मामाकडं पाहिलं. मामानं डोळे मिटले. मग दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छाती भरून ओरडला, "ओऽऽ सायेबऽऽ! घाट आमाला पायजेऽऽ!"

अख्ख्या नदीवरून जाणारा तो आवाज त्या खोलीत मावला नाही. शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. आणि मग हशा पिकला. गुत्तेदार मांडीवर थाप मारून हसत होता, शिपाई हसत होता. आणि मी? माझे कान तापले होते. घसा कोरडा होईपर्यंत ज्या माणसाला बोल बोल म्हणून विनवलं, तो बोलला आणि मला त्याच्या आवाजाची लाज वाटली. मागायचं म्हटल्यावर त्या बिचाऱ्याला मागायची एकच रीत ठाऊक होती. हसले नाहीत ते फक्त साहेब. ते म्हणाले, "बाबा, मी याच काठाला आहे. जवळ येऊन सांगा." मामा गर्दीतून पुढं गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मागाय आलोय." त्याच्या मागोमाग एकेक करून सगळ्या घाटांचे नावाडी पुढं सरकले, साळवेभाऊंनी संस्थेचे कागद टेबलावर ठेवले, आणि दुपारपर्यंत घाट आमचे झाले.

त्या संध्याकाळी घाटावर गुलाल उडाला. मामा त्यात नव्हता. तो घरामागं बसला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, जत्रेत कुणीतरी धोतर फेडल्यावाणी वाटून राह्यलं. नावाड्यांची संस्था कशी झाली हे सांगताना लोक गुलालापाशी थांबतात. मला मात्र तो घरामागं बसलेला माणूस आधी दिसतो. आमच्या सगळ्यांच्या वाटची लाज त्या दिवशी एकट्यानं सोसली ती त्यानं.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. पुढच्याच आठवड्यात खळ्यांवर ज्वारी तयार झाली. मामा रिवाजाप्रमाणं आबारावांच्या खळ्यावर गेला, उपरणं अंथरलं, पाठ करून उभा राहिला. मी शेजारी होतो. ऊन कलेपर्यंत आम्ही उभे होतो. रास झाली, पोती भरली, शिवली, गाडीत चढली. शेवटी मागून आबाराव सगळ्या गड्यांसमोर म्हणाले की आता घाट तुमचा झाला ना, मग घाटच खा, आमच्या ज्वारीकडं काय बघता. आम्ही बघत नव्हतो. आमची पाठ होती. मामानं रिकामं उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि आम्ही निघालो. त्या वर्षी काठावरच्या बाकी खळ्यांनीही आबारावांचाच कित्ता गिरवला. घाटावरच्या बायका मला ऐकू जाईल असं म्हणायला लागल्या की या पोराच्या नादानं म्हाताऱ्याची शोभा झाली आणि कणग्याही रिकाम्या राहिल्या. मामीनं तसं कधी म्हटलं नाही. ती विकतची ज्वारी निवडत बसायची आणि मी समोरून जायचं टाळायचो.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता गावकऱ्यांकडूनही भाडं घ्यायचं. ज्याला यायचं त्यानं हाक मारावी, भाडं द्यावं आणि बसावं. बहुतेकांनी ते मुकाट्यानं मानलं.

एका दुपारी पलीकडच्या काठावर आबाराव येऊन उभे राहिले. पांढरा पटका लांबूनही ओळखू यायचा. चैत्राचं ऊन, तिकडं सावलीला झाड नाही. ते उभेच. हाक मारीनात. आम्ही इकडं बाभळीखाली बसलो होतो. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग आलं आणि सगळे हसायला लागले. मारा म्हणावं हाक. घाटच खा म्हणत होते ना. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो, आणि मला ते हसू नवं शिकलेल्या विद्येसारखं गोड लागलं. आबारावांनी एकदा हात तोंडापर्यंत नेलेले आम्हाला दिसले. परत खाली घेतले. आम्ही अजून हसलो.

मामा उठला. त्यानं बांबू घेतला आणि नाव सोडायला लागला. मी म्हणालो, मामा, हाक कुठं आली? रिवाज तुझाच ना? त्यानं दोर सोडता सोडता माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. म्हणाला, "पहिल्यांदा मागायला लई जड जातं रे. मी जाऊन आल्तो ना तिथून."

आमच्यातलं कुणी पुन्हा हसलं नाही. नाव पलीकडं गेली, आबाराव बसले, परत आली. आबारावांनी भाडं फळीवर ठेवलं आणि मान खाली घालून गेले. ज्वारी त्यांनी पुढंही कधी दिली नाही. पण नंतरच्या खेपेला हाक मारली, बारीक आवाजात मारली, आणि आमच्यातला जो जवळ होता तो लगेच उठला.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. पूल झाला, घाट मोडला, आम्ही पांगलो. मी मोंढ्यात आलो, पोती वाहिली, युनियनमध्ये शिरलो, आणि हळूहळू काट्यापाशी बसून हाका मारणारा माणूस झालो. काल त्या बदनापूरच्या पोरांना मी जे बोललो ते आठवून सकाळपासून मला स्वतःची शरम वाटते आहे. मी दिवसभर या काठावरून ओरडत होतो की इकडं या. ते त्या काठावर मान खाली घालून उभे होते, आणि त्यांचे हात तोंडापर्यंत येऊन खाली जात असतील तर ते मला स्टुलावरून कुठून दिसणार?

म्हणून उद्या मी काट्यावर उशिरा जाणार आहे. सकाळी बदनापूरकडची गाडी जालना स्टेशनात येते तेव्हा फलाटावर उभा राहतो. हाक त्यांनी मारलेली नाही, पण मोंढ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत येईन म्हणतो.